टाइल्सवरचा माग

“दत्ता परत येतोय म्हणं! बायकूपोरीसकट, कायमचा. पण त्याच्या आईला अजून कुणी...”

एवढंच कानावर आलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. घर्रर्र! बोलणाऱ्या दोघींचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द कळेल तर शपथ. मी डबा सोडून पुढं सरकले, तोवर त्यांचं दळण झालं आणि पाट्या डोक्यावर घेऊन त्या चालायलाही लागल्या. आईला अजून कुणी काय? सांगितलं नाही? विचारलं नाही? मी त्यांच्या मागं निघाले, तर गिरणीवाला ओरडला, “काकी, तुमचं गहू घातल्यात! जाता कुठं?”

तुम्ही म्हणाल, शालनला लोकांच्या घरचं ऐकायची खोडच आहे. आहेच! पण हे घर लोकांचं कसं? त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे.

मेंढरं कातरली की गल्लीत चार दिवस लोकर उडते. कितीही झाडा, दाराच्या फटीत, फळीमागं, साडीच्या काठाला कुठं ना कुठं ती सापडतेच. अण्णांच्या घोंगड्यांच्या टेंडरच्या किश्शांचं तसंच झालंय. कागद कपाटात गेले, किस्से अजून अंगाला चिकटलेत. कुणाला सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो.

तर हे अण्णा म्हणजे भिंतीपलीकडचे नामूअण्णा, दत्ताचे वडील. कवठेमहांकाळात आमच्या गल्लीत पूर्वी घरोघरी घोंगड्यांचा माग होता. आता अण्णांचा एकच. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून काठावर बसायचं, पायानं खालच्या पट्ट्या दाबायच्या आणि हातानं विणायचं. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून भिंतीतून ठक्‌ ठक्‌ ऐकत आले. भाकरी त्याच तालावर थापल्या, पोरं त्याच तालावर झोपवली. अण्णांची बायको सुंदराआक्का. आणि त्यांचा एकुलता एक दत्ता तिकडं कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या कामाला. आमच्या भागातली निम्मी पोरं असंच कुठं कुठं सोनं गाळतात आणि त्यांच्या आया इथं फोन चार्जिंगला लावून बसतात.

आक्काची नात फोनवर आजीशी बोलते ते अर्धं मराठी, अर्धं तिकडचं. आक्का सगळ्याला “व्हय बाळा, व्हय” म्हणते. फोन ठेवला की मला विचारते, “शालन, काय म्हनली गं ती?” मला तरी काय कळतंय! मी सांगते, “आज्जे, तुजी लय आठवण येती, असं म्हणाली.”

* * *

टेंडरची बातमी आणली आमच्या घरच्यांनी. हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, जाहिरातींसकट वाचतात. जिल्ह्यातल्या सरकारी वसतिगृहांना हातमागावरची घोंगडी हवी होती, दोन वर्षं पुरवायची. हे पेपर घेऊन तसेच बनियनवर भिंतीपलीकडं गेले.

“अण्णा, अटी बघा! स्वतःच्या मालकीचा हातमाग. विणकामाचा अनुभव. नमुना. या जिल्ह्यात तुमच्याशिवाय कोण हाय?”

अण्णा म्हणाले, “माग माजा न्हाई.”

“मग कुणाचा?”

“बाचा हाय.”

“आवं, ते जाऊन किती वर्षं झाली!”

“म्हणून काय झालं? माग त्यांचाच की.”

मालकीचं स्वयंघोषणापत्र करताना अण्णांनी आधी मागाला हात जोडले. बापाची वस्तू आपल्या नावावर लिहितोय म्हणून! मग अनुभवाचा दाखला. दाखला देणाऱ्यानं विचारलं, “किती वर्षं विणताय?” अण्णा म्हणाले, “पाय खड्ड्याच्या तळाला पुरलं तवापासनं.” त्यानं पेन खाली ठेवलं. “अण्णा, हे रकान्यात कसं लिहू?”

दत्ताला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “आई, दोन वर्षांचं काम लागत असंल तर मी येतो की. इथं काय, अॅसिडचा वास खातोय.”

एवढंच म्हणाला. पण आक्कानं दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा पाळणा खाली काढला. मी म्हटलं, “आक्का, नात दुसरीत गेलीया. पाळण्यात मावंल का?”

“असू दे गं,” म्हणाली. “पुसून ठेवते.”

* * *

आता ज्या किश्शाला सगळी गल्ली हसली आणि मला अजून हसू येत नाही, तो.

फॉर्म ऑनलाइन भरला, नमुन्याचं घोंगडं सांगलीला पोचलं. नंतरच्या आठवड्यात अण्णांच्या दारात एक गाडी थांबली. ब्लँकेटचा व्यापार करणारे एक शेठ. कुठल्याशा नव्या शोरूमचं बोलले. “अण्णा, जुन्या कलेची वस्तू लोकांनी बघावी असं वाटतं. तुमचा माग आठ दिवस ठेवायला द्याल का?”

त्या वेळी मागावर ताणा नव्हता. म्हणजे उभे धागे उतरवून झाले होते, माग रिकामा होता. आणि आमच्या गल्लीतली जुनी रीत अशी, की रिकामा माग कुणी मागितला तर नाही म्हणायचं नाही. एकाचा ताणा उतरला, दुसऱ्याची नड असली, तर त्यानं येऊन विणावं. गल्लीत पन्नास माग होते तेव्हाची ही रीत. आता मागणारं कुणी उरलंच नव्हतं! कितीतरी वर्षांनी कुणीतरी माग मागितला, तर अण्णांना भरून आलं.

माग सोडवायला अण्णांनीच मदत केली. लाकडं घासू नयेत म्हणून आक्काच्या जुन्या साड्या गुंडाळल्या. आक्कानं धागे ठोकायच्या फणीला हळदकुंकू लावलं, ओटी भरावी तसा नारळ ठेवला. टेम्पो वळणाला गेला तेव्हा डोळ्याला पदर लावला म्हणे.

म्हणे, कारण मी नव्हते! सगळ्या गल्लीत कुणाच्या दारात कोण आलं, चहा झाला की सरबत, हे मला ठाऊक असतं. आणि नेमकी त्याच दिवशी मी माहेरी, कराडला. असते, तर त्या शेठला उंबऱ्यातच विचारलं असतं, “शोरूम कुठंय? उद्घाटन कवा? पत्रिका दाखवा बरं!” लोक म्हणतात, भोचकपणा वाईट. एकदाच केला नाही तर बघा काय झालं ते.

चौथ्या दिवशी सांगलीहून पाहणीला कमिटी आली.

“माग कुठंय?”

“दिलाय.”

“कुणाला?”

“एक शेठ आलं हुतं, त्यास्नी.”

साहेबांनी खड्ड्यात डोकावून बघितलं. आत आक्कानं सारवून रांगोळी काढलेली. साहेबांनी लिहिलं, “पाहणीच्या वेळी माग आढळून आला नाही.” अण्णांनी खाली सही केली. खोटं तर काही लिहिलं नव्हतं!

* * *

आठ दिवस सरले, माग काही परत आला नाही. निकाल बघायला सेवा केंद्रात गेलो. कॉम्प्युटरवाल्यानं यादी वाचली. पात्र कोण? शेठ. मालकीचा हातमाग? आहे, पाहणीत आढळला. आणि आमचे अण्णा? अपात्र. कारण? माग नाही!

हे खुर्चीतून उठलेच. “आवं अण्णा, दुश्मनाला सोताची रायफल दिली तुमी! वर साफ करून! वर नारळ ठिवून!”

अण्णा कॉम्प्युटरजवळ सरकले. मग विचारलं, “म्हणजे त्यांच्याकडं आपलाच माग बघितला व्हय? कसा दिसत हुता, काय लिवलंय का?”

हरकत घ्यायला थोडेच दिवस होते. अर्ज लिहायला हे बसले. मी म्हटलं, “मला दाखवा आधी.” मी दहावीपर्यंतच शिकले, पण पत्र कुणाला लिहितोय एवढं तरी बघते. अर्जाची सुरुवात होती, “श्रीमान, निवेदन आहे की शत्रूपक्षाने धोक्याने आमची चौकी ताब्यात घेतली आहे.”

“हे कुणाला चाललंय?” मी म्हणाले. “सांगलीच्या सायबाला का सीमेवर?”

फाडला. मी सांगितलं, यांनी लिहिलं. निविदेची अट अशी, पाहणीत दाखवलेला माग त्यांचा नाही, तो अमक्याचा, अमक्या दिवशी नेला, सबब त्यांची पात्रता पुन्हा तपासावी. एक पान. हे वाचून म्हणाले, “तू फौजेत असतीस तर ऑफिसर झाली असतीस.” लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदा म्हणाले!

* * *

सुनावणीला आम्ही चौघं गेलो. क्लार्क म्हणाला, “माग तुमचाच कशावरून? पुरावा काय?”

आता मागाची कुठं पावती असते? आणि फोटो कोण काढतं? चुलीचा फोटो काढतं का कुणी?

तेव्हा आक्कानं पिशवीतून दत्ताच्या लग्नाचा फोटो काढला. फ्रेमसकट! भिंतीवरून उतरवून, टॉवेलात गुंडाळून आणलेला. दारात मांडव, दत्ता आणि सुनबाई बसलेली, शेजारी अण्णा-आक्का, आणि मागं उघड्या दारातून माग दिसतोय. उजव्या खांबाला पांढरी पट्टी. मागाच्या त्या खांबाला तडा गेला तेव्हा अण्णांच्या वडिलांनी पत्रा ठोकला होता, तोच.

क्लार्क म्हणाला, “हा जोडा अर्जाला.”

आक्का फोटो सोडेना. “जोडायचा म्हणजे हितंच ठिवायचा?”

“हो. फाइलला लागेल.”

“मग न्हाई. आमी सगळी एका जागी असल्याला हा येकच हाय.”

मी खुणा केल्या, अण्णांनी डोळे मोठे केले, यांनी “माताजी, माताजी” केलं. नाही म्हणजे नाही! शेवटी खालच्या दुकानात झेरॉक्स काढायचं ठरलं. तिथंही दुकानदाराच्या हातात देईना. स्वतः मशीनवर ठेवला आणि उजेड सरकत गेला तेव्हा काचेवर हात धरला, भाजेल म्हणून. पहिल्या झेरॉक्सवर आक्काचा पंजाच आला.

दुसरी नीट निघाली. क्लार्कनं ती निरखून बघितली आणि म्हणाला, “मावशी, यात मागापेक्षा नवरीच जास्त दिसतेय.”

आक्का खुलली. “दिसंल की! तवा लय गुटगुटीत हुती. आता वाळलीया. तिकडं भाकरी मिळत न्हाई.”

पंधरा मिनिटं तो सुनेची हकिकत ऐकत बसला, आणि मग फेरपाहणीच्या शेऱ्याला फाइल वर घेऊन गेला.

* * *

फेरपाहणी शेठच्या गोडाऊनला. साहेब तेच. त्यांचं नाव इथं घेत नाही, चांगले गृहस्थ होते, फक्त मागातलं त्यांना काही कळत नव्हतं. ते त्यांनी स्वतःच सांगितलं.

आत गेलो. पांढऱ्याशुभ्र टाइल्स! त्यावर मधोमध अण्णांचा माग, नव्यानं व्हार्निश केलेला. पत्र्याची पट्टी काढलेली, पण खिळ्यांची भोकं तशीच. शेठ म्हणाले, “वडिलोपार्जित आहे आमचा.”

मला वाटलं, आता अण्णा कडाडतील. अण्णा गेले, लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाले, “शेठ, ह्येला व्हार्निश न्हाई चालत. लोकर चिकटती. जरा गोडं त्याल लावा. आणि हितं पंख्याखाली नगा ठिवू.”

शेठ हुशार! म्हणाले, “अण्णा, तुम्हीच या ना अधूनमधून. शिकवा आमच्या माणसांना.”

आणि अण्णा म्हणाले, “येतो की!”

मी असा चिमटा काढला दंडाला, की त्यांनी “आई गं” केलं. साहेबांनी विचारलं, “काय झालं?” अण्णा भानावर आले. मागाकडं बघितलं, खाली टाइल्सकडं बघितलं, चारी बाजूंनी फिरून आले, आणि अगदी भोळेपणानं विचारलं,

“सायेब, पर हितं पाय कुठं घालायचं?”

कुणालाच कळलं नाही. अण्णांनी साहेबांना म्हटलं, “तुमी बसून बघा की.” साहेब बसले. बुटातले पाय टाइल्सवर, गुडघे हनुवटीला! हात पुढं केला तर फणीपर्यंत पोचेना.

“आमाकडं खड्डा हाय,” अण्णा म्हणाले. “तुमी बघितला हुता की. रांगोळी काढल्याला.”

साहेब तसेच बसून राहिले. मग शेठकडं वळले. “तुमचे विणकर इथं कसे विणतात, जरा दाखवता?”

शेठनी हाक मारली. गोडाऊनमधला हमाल पुढं आला, बिचारा. मागाच्या उलट्या बाजूला बसला!

* * *

शेठ अपात्र झाले. गल्लीत पेढे वाटायच्या तयारीत आम्ही, तर पत्राचा दुसरा परिच्छेद. अण्णासुद्धा अपात्रच! पाहणीच्या दिवशी माग जागेवर नव्हता, ही नोंद कायम. यांनी साहेबांशी भांडण काढलं. साहेबांनी अण्णांनाच विचारलं, “त्या दिवशी माग नव्हता हे खरं ना?”

“व्हय. खरं हाय.”

मिटलं! घोंगड्यांचं टेंडर पुन्हा निघणार असं ठरलं. साहेब आता शहाणे झालेले. नव्या अटीत लिहिलं होतं: माग जागेवर चालू स्थितीत असावा, आणि काम वेळेत होण्यासाठी विणकर किमान दोन असावेत.

अण्णा म्हणाले, “योक मी.”

आणि दुसरा? आक्कानं फोन चार्जिंगला लावला.

माग टेम्पोतून परत आला, पण बसवायला अण्णांचे हात पुरेनात. भिंतीतून आवाज नाही. माझ्या भाकऱ्या जाड व्हायला लागल्या. यांनी विचारलं, “काय झालंय तुला?” मी भिंतीकडं बोट दाखवलं.

* * *

गिरणीतली ती बातमी याच सुमाराची. पुढं तीन दिवस मी त्या दोघींच्या मागावर होते. एक भेटली, ती म्हणाली, “मी न्हाई बाई काय बोलले, ती बोलली.” दुसरी म्हणाली, “मी तर निस्तं ऐकत हुते.” तिसऱ्या दिवशी बघते तर दत्ता खरंच दारात उभा. एकटा. पाठीला सॅक, हातात पोरीनं आजीसाठी काढलेलं चित्र.

“आणि सून, नात?” आक्कानं विचारलं.

“तिची शाळा हाय, आई. मध्येच कशी सोडायची?”

आठ दिवस राहिला. बाप-लेकानं माग बसवला, ताणा चढवला. दत्ताच्या बोटांवर अॅसिडचे डाग, लोकर अडकायची. पण एका दुपारी भिंतीतून ठक्‌ ठक्‌ सुरू झालं आणि मला कळलं, हा अण्णांचा हात नाही. जरा घाईचा आहे. मी कणकेचे हात तसेच घेऊन पलीकडं गेले. दत्ता खड्ड्यात पाय सोडून विणत होता. आक्का समोर बसलेली. मला बघून ओठावर बोट ठेवलं.

फॉर्मवर दुसरा विणकर म्हणून दत्तानं सही केली. म्हणाला, “काम मिळालं की येतोच. मिळंपर्यंत तिकडची नोकरी सोडून कसं चालंल?” त्याचंही चुकीचं नव्हतं. त्याला सोडायला स्टँडवर आम्ही सगळे गेलो. म्हणजे येतोय हे खरं निघालं. बायकूपोरीसकट आणि कायमचा, हे मात्र नाही. आणि ‘आईला अजून कुणी’च्या पुढं काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

* * *

दत्ता गेला त्याच्या पाचव्या दिवशी साहेब पाहणीला आले. यावेळी न सांगता.

माग जागेवर. अण्णा खड्ड्यात पाय सोडून विणत होते. साहेबांनी आपले बूट काढले, वाकून खड्डा बघितला, अण्णांचे पाय कसे चालतात ते बघितलं, मान डोलावली. माग, चालू स्थितीत. बरोबरची खूण. मी दारात, हे माझ्या मागं, आणि आमच्या मागं निम्मी गल्ली.

“विणकर दोन लिहिलेत,” साहेब म्हणाले. “दुसरे?”

अण्णांचा हात थांबला. तोंड उघडलं. अण्णा काय बोलणार ते मला माहीत होतं. या माणसाला खऱ्याशिवाय दुसरं काही बोलता येतच नाही.

तेवढ्यात आक्का उठली. “हाय की. पोरगा हाय.”

“बोलवा.”

आक्का आमच्यातून वाट काढत उंबऱ्याबाहेर गेली. पदर खोचला. आणि वळणाकडं तोंड करून हाक मारली, “दत्ताऽऽ! ए दत्ताऽऽ! सायेब आल्यात रं! ये बाबा!”

गल्लीत कुणी हललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं, आणि माझ्या पोटात म्हणे काही राहत नाही!

आक्कानं पुन्हा हाक मारली. तिसरीला आवाज फाटला.

साहेब उठून दारात आले. तिच्या शेजारी उभे राहिले, ती बघत होती तिकडं बघितलं. वळणावर एक शेळी होती, बाकी ऊन.

“येतोय?” त्यांनी विचारलं.

“येतोय की,” आक्का म्हणाली. वळणावरची नजर तिनं काढली नाही.

आत अण्णांनी पाय वर घेतले आणि काठावर थोडे बाजूला सरकून बसले. दुसऱ्या कुणाला जागा करावी तसे.

साहेबांनी हातातलं पेन खिशाला लावलं. फाइल मिटली. आणि उंबऱ्यावरच बसले.

“मग थांबू की,” म्हणाले.